हेतू शुद्ध होईपर्यंत थांबावे का?

तुम्ही लिहिले आहे की दारू सोडून 14 महिने झाले, पाळकांनी पुढच्या महिन्यातील उपासनेत साक्ष देण्यास, म्हणजे प्रभूने आपल्याला कसे बदलले ते सर्वांसमोर सांगण्यास, सांगितले आहे, आणि तिची तयारी करताना लोकांनी आपले कौतुक करावे ही इच्छा मनात ठाण मांडून बसलेली तुम्हाला दिसली. तेथून तुम्ही मागे मागे जात राहिलात. उपासनेला जातो तो प्रभूवरील प्रेमामुळे, की पत्नी माहेराहून परत आली आहे ती टिकावी म्हणून? थोरल्या भावाची क्षमा मागायची आहे ती पश्चात्तापाने, की वडिलांच्या घराची वाटणी अडली आहे म्हणून? आता रोज रात्री दीड-दोन तास वहीत हेतू तपासत बसता, झोप लागत नाही, आणि प्रत्येक चांगल्या कामाच्या तळाशी स्वार्थच सापडतो. म्हणून तुमचा प्रश्न असा की मग माझे दारू न पिणेसुद्धा ढोंगच नाही का, आणि हेतू शुद्ध होईपर्यंत हे सारे थांबवावे का?

मी पाळक नाही आणि सेमिनरीत शिकलेलो नाही. नगर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी करत असताना मी बारा-तेरा वर्षे प्यालो, 2004 पासून प्यालेलो नाही, आणि गेली 15 वर्षे व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून बसतो. त्या खुर्चीवरून जे दिसले तेवढेच सांगू शकेन.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न रात्री अकरा वाजता एकट्या माणसाला घातक ठरू शकतो. दारू न पिण्याला हेतूची अट लावू नका. पत्नीच्या भीतीने प्यायला नाहीत, नोकरीसाठी प्यायला नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून प्यायला नाहीत, तरी तो दिवस न पिण्याचाच दिवस असतो. यकृत हेतू विचारत नाही. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणांनी स्लिप होण्याआधीच्या, म्हणजे पुन्हा पिऊ लागण्याआधीच्या, दिवसांबद्दल जे सांगितले त्यात हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आलेले आहे: 'मी आतून बदललेलोच नव्हतो, सगळे नाटक होते, मग म्हटले निदान प्रामाणिकपणे तरी पिऊ.' प्रामाणिकपणाच्या नावाखाली ग्लास पुढे सरकवणे ही आपल्या आजाराची फार जुनी खोड आहे. तुमच्या पत्रातील 'ढोंग' हा शब्द वाचताना मला म्हणूनच धास्ती वाटली.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून दिसत नाहीत. झोप न लागणे हे दोन आठवड्यांहून जुने असेल, जेवणावरची इच्छा गेली असेल किंवा जगून काय उपयोग असे विचार येत असतील, तर वही मिटून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. नैराश्यातही माणसाला स्वतःचा प्रत्येक हेतू काळाच दिसतो, आणि तेव्हा त्याला आत्मपरीक्षणाची नव्हे, उपचाराची गरज असते. डॉक्टरांना व्यसनाचा इतिहास पहिल्याच भेटीत सांगा, आणि ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. दारू सुटून त्या गोळ्या लागलेले लोक मी पाहिले आहेत.

हे सगळे तसे नाही असे धरून पुढे लिहितो. तुमच्या पत्रात वही आहे, पाळक आहेत, पत्नी आहे, भाऊ आहे. पण ज्याच्यासमोर ती वही तुम्ही वाचून दाखवता असा माणूस मात्र कोठेच नाही. स्पॉन्सरचा, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जुन्या सोबर सोबत्याचा, उल्लेख नाही, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगचा नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण हेतू अशुद्ध असणे ही नसून तुम्ही एकटेच मोजदाद करत आहात ही आहे.

स्टोअर्समधील माझी एक गोष्ट सांगतो. तेथे प्रत्येक रॅकला बिन कार्ड लावलेले असते. माल आला की जमा, दिला की नावे, आणि शेवटी शिल्लक. दारूसाठी मी बेअरिंग विकत असे. कार्डावर 12 लिहिलेले, रॅकवर मात्र 9. ती तूट दिसू नये म्हणून मी रिकामी खोकी नीट मिटवून, भरलेल्या खोक्यांच्या पुढच्या रांगेत, लेबल समोर येईल अशी लावून ठेवत असे. रोज संध्याकाळी मी स्वतः ती मोजतही असे, आणि खोटे वाटेल, पण बारा खोकी मोजून झाल्यावर मला खरोखरच हलके वाटायचे. मार्चअखेरीस फिजिकल व्हेरिफिकेशनला अकाउंट्समधील एक वयस्क कारकून आले. त्यांनी काहीच विचारले नाही, फक्त एकेक खोके उचलून हातात तोलून पाहिले. चौथे खोके उचलल्यावर त्यांचा हात नको तेवढा वर गेला, आणि ते माझ्याकडे न पाहता पाचव्याकडे वळले.

स्टॉकची तपासणी स्टोअरकीपरने एकट्याने करायची नसते, हा नियम स्टोअरकीपर चोरच असतो म्हणून केलेला नाही. ज्याने खोकी लावली त्याचा डोळा लेबलवरून पुढे जातच नाही, म्हणून तो केलेला आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीत स्वतःच्या नैतिक आढाव्यासाठी जो इंग्रजी शब्द वापरला आहे तो दुकानातील माल मोजण्याचाच शब्द आहे, आणि लगेच पाचव्या पायरीत देवासमोर, स्वतःसमोर आणि आणखी एका माणसासमोर आपल्या चुकांचे नेमके स्वरूप कबूल करायला सांगितले आहे. आपण ख्रिस्ती लोक पहिल्या दोघांवर भागवू पाहतो. देवाला सगळे ठाऊकच आहे, मग माणसाला कशाला सांगायचे, असे मीही म्हणत असे. परंतु बायबलमधील याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करा असे स्पष्ट लिहिले आहे, आणि आमच्या मंडळीत ते वचन बहुधा आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतानाच वाचले जाते, त्यातील कबुलीचा भाग घाईने उरकून.

एकट्याने केलेली तपासणी दोन्ही दिशांनी चुकते, हेही लक्षात घ्या. मी रिकामी खोकी भरलेली म्हणून मोजत होतो. तुम्ही, माझ्या अंदाजाप्रमाणे, भरलेली खोकी रिकामी म्हणून मोजत आहात. दोघांनीही खोके उचलून पाहिलेले नाही.

आता शुद्ध हेतूबद्दल. ए.ए.चा जन्म ज्या ख्रिस्ती चळवळीच्या अंगणात झाला ती फ्रँक बुकमन या लुथरन पाळकांची ऑक्सफर्ड ग्रुप ही चळवळ. तिच्यात संपूर्ण प्रामाणिकपणा, संपूर्ण पावित्र्य, संपूर्ण निःस्वार्थीपणा आणि संपूर्ण प्रेम अशा चार कसोट्या होत्या, आणि प्रत्येक विचार, प्रत्येक कृती त्यांवर घासून पाहायची असे. ए.ए.चे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ 1935 मध्ये अमेरिकेतील ॲक्रनला भेटले ते या चळवळीच्या ओळखीतूनच. पण 1937 मध्ये न्यूयॉर्कमधील विल्सनच्या गटातले दारुडे तिच्यातून वेगळे झाले, आणि 1939 मध्ये बारा पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा त्यांत या चार कसोट्या नव्हत्या. ॲक्रनकडच्या जुन्या लोकांना त्या पुढेही प्रिय राहिल्या. विल्सनचे मत मात्र असे झाले होते की 'संपूर्ण' हा शब्द दारुड्याला झेपत नाही. मला यात फार व्यवहारी शहाणपण दिसते. आपल्या स्वभावात अधलेमधले काही नसते. एक क्वार्टर आपल्याला कधी पुरली नाही, आणि पावित्र्यही आपल्याला एका रात्रीत बाटलीभर हवे असते. ते मिळाले नाही की सगळेच फेकून द्यावेसे वाटते. 14 महिन्यांनंतर तुम्ही स्वतःला ज्या कसोटीवर घासत आहात ती त्या चळवळीच्या अनुभवी लोकांनीही दारुड्यांच्या हाती देऊन पाहिली होती.

तुम्ही विचाराल की हे बायबलला धरून आहे का. बापाकडून हिस्सा घेऊन तो उडवणाऱ्या आणि शेवटी डुकरे राखत उपाशी राहणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा वाचा, पण या वेळी बापाकडे नव्हे, पुत्राच्या पोटाकडे पाहून. तो घरी का निघाला? बापाच्या मजुरांना भाकरी पुरून उरते आणि मी येथे उपाशी मरतो, हा त्याचा पहिला विचार आहे. पापाची कबुली त्यानंतर येते, आणि तीही त्याने निघण्याआधीच घोकलेली आहे. हेतू म्हणून पाहिला तर तो भुकेचा हेतू आहे, आणि भाषण तयार केलेले आहे. बाप धावत सुटला तो हे तपासून नव्हे. मुलगा दूर असतानाच त्याने त्याला पाहिले होते. मुलगा हेतू शुद्ध होईपर्यंत डुकरांजवळच थांबला असता तर त्या दाखल्याला शेवटच उरला नसता.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, काही जण हेव्याने आणि चढाओढीने ख्रिस्ताची घोषणा करतात हे त्याला ठाऊक असूनही, घोषणा तर होते ना, यात तो आनंद मानतो. आणि करिंथकरांस लिहिताना तो म्हणतो की मी स्वतःचाही न्यायनिवाडा करत नाही. माझे मन मला दोष देत नाही, परंतु तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, अंतःकरणातील हेतू प्रभू येईल तेव्हा तो उघड करील. तुमचे सध्याचे काम, माझ्या समजुतीप्रमाणे, प्रभूकडे राखून ठेवलेले काम रात्री जागून उरकण्याचे आहे.

याचा अर्थ हेतू पाहूच नये असा मुळीच नाही. लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांवर प्रभू येशूने कडक शब्द वापरले आहेत, आणि तुम्ही तेच वचन स्वतःवर लावत आहात हे मला दिसते. पण त्याने उपाय काय सांगितला तेही पाहा. प्रार्थना बंद करा असे तो म्हणाला नाही, खोलीत जाऊन दार लावून करा म्हणाला. दान थांबवा म्हणाला नाही, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू देऊ नका म्हणाला. म्हणजे बिघडलेल्या हेतूवरचा इलाज म्हणून त्याने कृतीची रीत बदलायला लावली. मी माझ्याकडे येणाऱ्यांना त्यावरून एकच गृहपाठ देतो: रोज एक काम असे करा की जे कोणालाही कळणार नाही, आणि कळले तर ते मोजायचे नाही. एका गृहस्थांनी महिनाभर सोसायटीच्या जिन्यातील तुंबलेली मोरी पहाटे साफ केली. शेवटच्या आठवड्यात वॉचमनने पाहिले, तेव्हा ते माझ्याकडे येऊन खरोखर हळहळले. त्या हळहळण्यातून त्यांच्या हेतूबद्दल मला जे कळले ते त्यांच्या साठ पानांच्या वहीतून कळले नव्हते.

रात्रीच्या त्या दीड तासाबद्दल एका जेसुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाच्या, फादरांकडून शिकलेली गोष्ट सांगतो. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे त्या संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस कोणी शिकवत नाही; पण व्यसनमुक्तीच्या कामात ही कुंपणे लवकर पडतात. सेंट लुइसचे जेसुइट फादर एड डाउलिंग 1940 मध्ये बिल विल्सनला भेटले ते याच कारणासाठी की त्यांना बारा पायऱ्या आणि इग्नेशियसची आध्यात्मिक साधना यांच्यात सारखेपणा दिसला होता. इग्नेशियस हा मूळचा शिपाईगडी. 1521 मध्ये स्पेनमधील पांपलोना येथे तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याच्या लक्षात आले की पराक्रमाची आणि दरबारी कौतुकाची स्वप्ने रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडे पडते. संतांसारखे जगावे असा विचार केला की नंतरही आनंद टिकून राहतो. हेतू ओळखण्याची ही फार साधी खूण आहे. काम करताना काय वाटले यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडाला चव कशी आहे ते पाहा. पिणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पण याच इग्नेशियसचे पुढे जे झाले ते तुमच्यासाठी अधिक उपयोगाचे आहे. पुढच्या वर्षी मान्रेसा गावी तो जुनी पापे पुन्हा पुन्हा कबूल करू लागला. काही सांगायचे राहिले तर नाही, नीट सांगितले ना, या शंकेने त्याला इतके ग्रासले की जीव द्यावा असे विचार त्याच्या मनात आले. अखेर त्याने जुनी पापे पुन्हा कबूल करायची नाहीत असे ठरवले आणि तेथून तो सुटला. रोज स्वतःला तपासायला शिकवणारा हा माणूस तपासण्याच्या व्यसनातून आधी स्वतः बाहेर पडला होता. त्याने घालून दिलेल्या रोजच्या परीक्षणाची सुरुवातही दोषांपासून होत नाही, दिवसाबद्दल देवाचे आभार मानण्यापासून होते.

म्हणून वहीला वेळ बांधून द्या, पंधरा मिनिटे. आधी आजच्या दिवसातील एक गोष्ट आभाराची. मग आजचीच, कालची किंवा 2011 सालची नव्हे, एखादी जागा जेथे मन खटकले. 'मी स्वार्थी आहे' असे लिहू नका. ते लेबल झाले. 'दुपारी साहेबांसमोर मी सहकाऱ्याची चूक मुद्दाम मोठ्याने सांगितली, कारण बढतीच्या यादीत त्याचे नाव माझ्या वर आहे' असे लिहा. हे खोके उचलणे झाले. आणि आठवड्यातून एकदा ते एका माणसाला वाचून दाखवा. त्याने पुष्कळ वर्षे सोबर राहिलेले असावे, तुमच्या घराशी त्याचा व्यवहार नसावा, आणि ऐकून चटकन वचन फेकणारा तो नसावा. तुमचे पाळक असे असतील तर उत्तम. पण जे तुम्हाला व्यासपीठावर उभे करू इच्छितात त्यांच्यासमोर कौतुकाच्या हव्यासाची कबुली देणे अवघड जाते, हा माझा अनुभव आहे.

राहिल्या तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी. उपासनेला जाण्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. पत्नीसाठी जात असलात तर पत्नीसाठी जा, बाकावर बसल्यावर काय ऐकू येईल ते तुमच्या हातात नाही.

साक्षीबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे, कारण मी ती चूक केली आहे. 2004 च्या आधी एकदा मी आठ महिने सोबर होतो. साक्ष दिली. तिच्यात मी पत्नीचे मंगळसूत्र विकल्याचा प्रसंग सांगितला. मंगळसूत्रातला क्रूस कोठे तोडून ठेवला, सोनाराने किती रुपये दिले, ती रात्रभर कशी बसून होती, सगळे. बायका रडल्या, पाळकांनी मिठी मारली, नंतर दोन मंडळ्यांनी बोलावले. पत्नी तिसऱ्या बाकावर होती आणि मी तिला आधी विचारलेले नव्हते. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "आता बाजारात मी मान खाली घालून जायची." मला वाटत होते की मी माझी लाज प्रभूसाठी उघडी केली, प्रत्यक्षात खर्च झाली होती तिची. सहा आठवड्यांनी मी पुन्हा प्यालो. साक्षीमुळे प्यालो असे म्हणत नाही, पण त्या सहा आठवड्यांत मीटिंगला गेलो नाही हे खरे; व्यासपीठ मिळालेल्या माणसाला खुर्चीवर बसून ऐकायचा कंटाळा येतो.

म्हणून टाळ्या हव्याशा वाटतात का, हे साक्षीच्या बाबतीत मी विचारतच नाही. त्या सगळ्यांनाच हव्याशा वाटतात. तुम्ही जे सांगणार आहात ते कोणाचे आहे, आणि त्याने ते सांगायला परवानगी दिली आहे का, हे मी विचारतो. दुसरे असे की साक्ष पुढे ढकला असे कोणी म्हणाले तर तुम्हाला सुटल्यासारखे वाटेल की राग येईल? राग येत असेल तर आणखी सहा महिने थांबायला हरकत नाही. पाळकांना तसे मोकळेपणाने सांगता येते, आणि चांगला पाळक ते समजून घेतो.

भावाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. नवव्या पायरीत भरपाई करायला सांगितले आहे, पण तिने त्या माणसाचे किंवा इतरांचे नुकसान होणार असेल तर नको, असेही तेथेच म्हटले आहे. तुमची क्षमायाचना आणि वाटणी एकाच भेटीत आली तर भावाला ती सौदा वाटेल, आणि त्याचे चुकणार नाही. स्वतःला विचारा: वाटणी उद्या भावाच्या बाजूने झाली, कागद झाले, सह्या झाल्या, तर त्यानंतर मी जाऊन क्षमा मागेन का? उत्तर 'नाही' असेल तर अजून जाऊ नका. 'हो' असेल तर दोन्ही वेगळे करा. पिण्याच्या काळात त्याच्याकडून घेतलेले पैसे किती, ते आठवून आकडा लिहा. बायबलमधील जकातदार जक्कयाने चौपट परत करतो म्हटले होते, तुम्ही निदान मुद्दल तरी हप्त्याने सुरू करा आणि ते पाठवताना घराचा विषय काढू नका. काही महिन्यांनी क्षमा मागायला जाल तेव्हा वाक्यात 'पण' येऊ देऊ नका. 'माझे चुकले, पण तूही' यातील 'पण'च्या मागे घराचे कागद असतात. तुमचा कायदेशीर हिस्सा सोडून द्या असे मी म्हणत नाही. हिस्सा मागणे पाप नाही. ते वकिलाबरोबर, वेगळ्या दिवशी.

मी कारखान्याला त्या बेअरिंगचे पैसे भरायला गेलो तेव्हा माझ्या मनात पश्चात्ताप होता, आणि साहेबांनी पोलिसांत दिले नाही तर बरे, हाही विचार होता, आणि हे मीटिंगमध्ये सांगायला किती चांगले आहे, हाही होता. तिन्ही बरोबर घेऊनच मी गेटवर पास घेतला. पावती मात्र एकाच रकमेची मिळाली.

साक्षीला अजून महिना आहे. त्याआधी आज रात्री वहीऐवजी पत्नीसमोर बसा, साक्षीत तिच्याबद्दल काय काय येणार आहे ते सांगा, आणि ती ज्या भागाला नको म्हणेल तो भाग, तो कितीही चांगला जमलेला असला तरी, तेथेच काढून टाका.